म्हाताऱ्या कुत्र्याचं घर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पुण्याहून नगर रस्त्याला लागलं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आणि मग आमची सणसवाडी. एके काळी इथं ज्वारी-बाजरीची रानं होती. आता रस्त्याच्या दोन्ही अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. प्रत्येक कारखान्याला फाटक असतं, फाटकापाशी वॉचमनची खोली असते आणि खोलीच्या सावलीत हमखास एक-दोन कुत्री पडलेली असतात. तिन्ही पाळ्यांच्या कामगारांच्या डब्यातली उरलीसुरली पोळी त्यांच्या वाट्याला येते. कारखाना बंद पडला किंवा वॉचमन बदलला, की त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली ती माझ्या पुतण्यामुळं.

हा पुतण्या इथल्याच एका कारखान्यात लागला आणि कंपनीच्या कामानं बायकोसह जर्मनीला गेला. तिथून एके दिवशी त्यानं फोनवर चित्र दाखवलं. तोंडाभोवती पांढरं झालेलं, मागच्या पायानं किंचित लंगडणारं, अकरा वर्षांचं एक कुत्रं. तिथल्या प्राण्यांच्या आश्रयघरातून त्यानं ते घरी आणलं होतं. नाव बालू. जर्मनीत हे नाव कुत्र्यांना सर्रास ठेवतात म्हणे. आमची आई ऐंशीच्या पुढची. तिनं चष्मा सारखा केला, चित्राकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाळू? ह्ये तर माझ्या धाकट्या मामाचं नाव." मग थोड्या वेळानं विचारलं, "पर म्हातारं का आणलं रं? तिथं पिल्लं न्हाईत व्हय?"

आईचा हा प्रश्न मला वाटतो तितका साधा नाही. पिल्लू घरात आणणं आपण समजू शकतो. घरातच म्हातारं झालेलं कुत्रं सांभाळणं हेही समजतं, खाल्ल्या मिठाला आपणही जागायचं असतं. पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात राखण केली, ते शेवटच्या दोन-तीन वर्षांसाठी मुद्दाम जाऊन घरी आणायचं? ही रीत आली कुठून? शोधायला गेलो आणि निम्मा इतिहास आपल्या मुंबईतच सापडला.

आपल्या परंपरेत कुत्र्याचं स्थान दुहेरी आहे. खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. उलट रोजच्या बोलण्यात "कुत्र्याच्या मौतीनं मेला" आणि "त्याचे हाल कुत्रं खाणार नाही" असंही आपणच म्हणतो. देवाच्या पायाशी असलेल्या कुत्र्याला नमस्कार आणि दारातल्या कुत्र्याला दगड, असा आपला व्यवहार आहे. या दोन्हींच्या मध्ये, आसरा देणारी एक संस्था मात्र आपल्याकडं फार पूर्वीपासून होती. तिचं नाव पांजरपोळ.

आज "हे काय पांजरपोळ आहे का?" असं आपण चिडून विचारतो, तेव्हा निकामी माणसांचा अड्डा असा अर्थ मनात असतो. पण ज्याचा उपयोग संपला, त्यालाही मरेपर्यंत दाणापाणी मिळालं पाहिजे, या विचारातून पांजरपोळ निघाली. गुजरातेत जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी ही प्रथा जुन्या काळापासून चालवली होती. मुंबईत ती आली त्यामागं मात्र एक दंगल आहे, आणि ती दंगल कुत्र्यांसाठी झाली होती.

साल १८३२. मुंबई कंपनी सरकारच्या ताब्यात होती. बेवारस कुत्री मारायचा नियम १८१३ पासूनच होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीनं वर्षातल्या ठरावीक दिवसांत ही मोहीम चाले. त्या वर्षी दंडाधिकाऱ्यांनी तिची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस होतं. त्या काळी आठ आणे ही काही किरकोळ रक्कम नव्हती. पैशाच्या लोभानं पकडणारे लोक रस्त्यावरची कुत्री सोडून लोकांच्या ओट्यावरची, अंगणातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले.

६ जून १८३२ हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याचं महत्त्व मोठं आहे. माणूस गेल्यावर मृतदेहाजवळ कुत्रा आणून त्याची नजर त्यावर पडू देण्याचा 'सगदीद' नावाचा विधी त्यांच्यात आहे. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी श्रेष्ठ मानतात. अशा दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर सुमारे दोनशे पारशांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले. बाजार बंद, दुकानं बंद. कुलाब्याच्या छावणीत गोऱ्या सैनिकांसाठी जाणारी रसद अडवली गेली. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, सैन्य बोलावलं गेलं, धरपकड झाली, पुढं खटले चालले आणि शिक्षा झाल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला फारशी जागा मिळत नाही. पण १८५७ च्या पंचवीस वर्षं आधी मुंबईच्या शांत, पैसेवाल्या, सरकारशी मिळून-मिसळून राहणाऱ्या व्यापाऱ्यांनी सरकारविरुद्ध हरताळ पाळला, आणि त्याचं निमित्त रस्त्यावरचं कुत्रं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारची भीती खोटी नव्हती. त्या काळात पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणजे मरण ठरलेलंच. पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे या दंगलीनंतर त्रेपन्न वर्षांनी. हिंदुस्थानात कसौलीला पाश्चर संस्था निघाली १९०० साली. त्यानंतरही मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आमच्या पिढीला चांगलीच आठवतात. ती लस आपल्याकडं २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश भारतातली असतात. कुत्र्यावर प्रेम करणाऱ्यानं हा आकडा विसरता कामा नये. खेड्यात ज्याच्या घरातलं लेकरू गेलं, त्याला भूतदयेची प्रवचनं ऐकवून चालत नाही.

तर दंगल शमली, पण प्रश्न राहिला. कुत्री मारायची नाहीत, तर ठेवायची कुठं? या प्रश्नाला उत्तर म्हणून १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन. भुलेश्वरच्या भागातली ती जागा आजही आहे, आता तिथं मुख्यतः गाईगुरं दिसतात. पण सुरुवातीच्या आश्रितांत सरकारी दंडुक्यातून वाचलेली बेवारस कुत्री होती. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या उलाढालीवर लाग बसवून घेतला. कापसाच्या गाठीमागं थोडे पैसे भटक्या कुत्र्याच्या भाकरीसाठी, असा तो हिशेब होता.

आता थोडं लंडनकडं वळू. तिथं १८६० साली मेरी टीलबी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर काढलं. गरीब माणसं रस्त्यावर झोपत असताना कुत्र्यांना घर कशाला, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली. बाई १८६५ साली गेल्या, पण संस्था टिकली. १८७१ मध्ये ती बॅटरसीला गेली आणि त्याच नावानं आजही प्रसिद्ध आहे. १८८५ साली खुद्द व्हिक्टोरिया राणी तिची आश्रयदाती झाली. मुंबईची पांजरपोळ या घराच्या सव्वीस वर्षं आधीची, हे आपण अभिमानानं सांगू शकतो.

पण अभिमानात अडकून पडलो तर मुद्दा निसटेल. या दोन संस्थांत एक मोठा फरक होता. बॅटरसीचं घर तात्पुरतं होतं. हरवलेल्या कुत्र्याचा मालक शोधायचा, तो न मिळाला तर नवं घर शोधायचं, आणि तेही न मिळालं तर कुत्र्याला मारून टाकायचं. देखण्या, तरुण कुत्र्यांना घरं मिळत, म्हाताऱ्यांच्या वाट्याला बहुधा शेवटचा पर्याय येई. आपल्या पांजरपोळीत कोणाला मारत नसत. पण तिथून बाहेर पडून कोणाच्या घरी जाण्याची वाटही नव्हती. दाणापाणी मिळे, माणूस मिळत नसे. एका ठिकाणी घर होतं पण अभय नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी अभय होतं पण घर नव्हतं. म्हातारं कुत्रं दोन्हीकडं उपेक्षितच राहिलं.

अभय आणि घर यांची सांगड फार उशिरा पडली. जर्मनीचंच उदाहरण घ्या. तिथला पहिला प्राणीरक्षक संघ श्टुटगार्टला १८३७ साली निघाला, म्हणजे मुंबईच्या पांजरपोळीनंतर तीन वर्षांनी. आज तिथं सबळ कारणाशिवाय प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे, आणि जागा पुरत नाही हे सबळ कारण मानत नाहीत. २००२ साली तर प्राण्यांचं रक्षण हे राज्याचं उद्दिष्ट म्हणून त्यांनी राज्यघटनेत घातलं. बर्लिनचं आश्रयघर २००१ पासून फाल्कनबेर्ग भागात सुमारे सोळा हेक्टर जागेवर आहे. आमच्याकडच्या हिशेबानं चाळीस एकर झालं. पण मारायचं नाही म्हटल्यावर म्हातारी कुत्री साठत जातात. मालक वारलेला असतो, किंवा वृद्धाश्रमात गेलेला असतो. कुत्रं मात्र गजाआड दाराकडं बघत बसतं. म्हणून मग "म्हाताऱ्यालाही न्या" असं संस्था लोकांना सांगू लागल्या. बालूची गोष्ट अशीच. त्याची मालकीण वृद्धाश्रमात गेली, तिथं कुत्रं चालत नव्हतं.

पुतण्यानं मला तिथली पद्धत सांगितली. पैसे टाकून कुत्रं उचलून आणता येत नाही. दोघं नवरा-बायको तीनदा जाऊन बालूला फिरवून आले. घर कितव्या मजल्यावर, दिवसभर घरी कोण असतं, आजारपणाचा खर्च झेपेल का, सगळं विचारलं गेलं. मग लेखी करार झाला. नगरपालिकेचा कुत्र्यावरचा वार्षिक कर वेगळा. आई हे ऐकून म्हणाली, "सोयरीक जमवताना आपुन एवढं इचारत न्हाय."

खरा पेच पुढं आहे. पुतण्याचं तिकडचं काम पुढच्या वर्षी संपतं. परत यायचं, तर बालूचं काय? आश्रयघराच्या करारात सोय आहे, कुत्रं सांभाळता येईनासं झालं तर ते परत घेतात. किंवा त्याला इकडं आणायचं. रेबीजच्या लसीचे दाखले, सरकारी डॉक्टरचं आरोग्यपत्र, आपल्या पशु-विलगीकरण कार्यालयाचं ना-हरकत पत्र, विमानाच्या मापाचा पिंजरा. कागद जमवता येतात. पण बारा वर्षांचं, सांधे धरलेलं कुत्रं मालाच्या कप्प्यात एवढा प्रवास करील का? आणि सणसवाडीच्या मे महिन्यात त्याचं कसं होईल?

हा पेचही नवा नाही. इंग्रज साहेबांच्या बंगल्यात कुत्री असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटननं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने वेगळं कोंडून ठेवायचा नियम केला. रेबीज हद्दपार करायला त्याचा उपयोग झाला, हे खरं. निवडक देशांपुरता तो नियम सैल झाला तो २००० साली. पण त्यामुळं इथून मायदेशी परतणाऱ्या साहेबापुढं प्रश्न पडे. बोटीचं भाडं, सहा महिन्यांच्या कोंडीचा खर्च, आणि कुत्रं म्हातारं असेल तर ते तेवढं जगेल का? अनेकांनी कुत्री मित्रांकडं, नोकरांकडं सोडली. काहींनी निघण्यापूर्वी आपल्याच हातानं त्यांचा शेवट केला. बदली झालेल्या माणसामागं राहिलेलं कुत्रं, ही आमच्या कारखान्याच्या फाटकावरचीच गोष्ट झाली.

आपल्याकडं या काळात काय झालं? मुंबईत १८७४ साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली आणि परळला दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावानं जनावरांचं इस्पितळ झालं. पण ज्या शहरात कुत्र्यांसाठी दंगल झाली होती, त्याच शहरात महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारत होती. एवढी वर्षं मारूनही कुत्री कमी झाली नाहीत. मग नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग आला. त्याचे देशभराचे नियम २००१ साली झाले, २०२३ साली ते नव्यानं आले.

म्हाताऱ्या कुत्र्याला मान मिळाल्याची आपल्याकडची उदाहरणं बघायची तर पोलिसांच्या श्वानपथकाकडं जावं लागतं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी 'झंजीर' नावाच्या लॅब्राडॉरनं ३ हजार ३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढलं. त्याचं शिक्षण आपल्या पुण्यात, शिवाजीनगरच्या केंद्रात झालेलं. हाडांच्या कर्करोगानं तो १६ नोव्हेंबर २००० रोजी परळच्या त्याच इस्पितळात गेला, आणि पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला.

त्याहून मनाला भिडते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात राबलेल्या चौघांची हकिगत. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. निवृत्तीनंतर या चौघांना विरारजवळच्या एका शेतावर आसरा मिळाला. एका प्राणीप्रेमी बाईंनी त्यांची म्हातारपणाची जबाबदारी घेतली. चौघंही २०१६ या एकाच वर्षात गेले. टायगर गेल्यावर सीझर खचला, सांध्यांच्या दुखण्यानं बेजार झाला आणि त्या ऑक्टोबरात त्यानंही त्याच शेतावर प्राण सोडला. हजारो लोक हळहळले. पण त्यांची शेवटची वर्षं सुखाची गेली ती एका घरामुळं. लष्करातल्या कुत्र्यांच्या नशिबी तर बरीच वर्षं हेही नव्हतं. कामाला निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्याला मारण्याची पद्धत होती, ती अलीकडं, टीका झाल्यावर बदलली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. बाराव्या दिवशी मोठ्या पीठानं तो बदलला आणि नसबंदी, लसीकरण करून कुत्री जागेवर सोडायला सांगितली. पिसाळलेल्या आणि हल्लेखोर कुत्र्यांना ही सवलत नव्हती. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं अशा ठिकाणांहून कुत्री हलवण्याचा आदेश आला. दोन्ही बाजू आजही भांडत आहेत. पण त्या ऑगस्टच्या निकालातलं एक वाक्य भांडणात हरवलं. ज्याला भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्यानं पालिकेकडं अर्ज करावा, मात्र ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. मला वाटतं, १८३२ पासून चाललेल्या वादाचं सार इथं आहे. "मारू नका" म्हणणं सोपं आहे, "उचलून न्या" म्हणणंही सोपं आहे. "हे एक माझं" असं म्हणणं अवघड. आणि ते एक म्हातारं असेल तर फारच अवघड, कारण त्याच्याकडून आता राखण होणार नाही, फक्त खर्च होणार.

बालूबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. धाकटा भाऊ म्हणतो, तिकडंच चांगलं घर बघावं. प्रवासात कुत्र्याचा जीव घालवून प्रेम दाखवण्यात अर्थ नाही. त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. सूनबाई म्हणते, त्याला एकदा दारातून परत पाठवलं आहे, पुन्हा पाठवणार नाही. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले तर आणायचं, नाही म्हणाले तर पुतण्यानं काम सहा महिने लांबवून घ्यायचं, इथपर्यंत बोलणं आलं आहे.

आईचा निर्णय मात्र झाला आहे. परवा तिनं वाड्याच्या मागच्या पडवीत, जिथं दुपारी ऊन येत नाही, तिथली जुनी पेटी हलवून घेतली. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाली, "थंडगार फरशी हाय. म्हाताऱ्या हाडांला बरी."

त्याच संध्याकाळी मी रस्त्यानं फिरायला गेलो. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या फाटकाशी एक पिवळसर कुत्रं बसलं होतं. तोंडाभोवती पांढरं. मी रोज तिथून जातो, त्याला रोज बघत असणार. त्या दिवशी पहिल्यांदा थांबलो आणि शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं, "हे कुणाचं?" तो म्हणाला, "कुणाचं न्हाय, मास्तर. कंपनीचं व्हतं."